तिसऱ्या तळ्याचा काठ

मंगळवारी सकाळी नव्या आवृत्तीचा कागद तिच्या टेबलावर आला तेव्हा तिसऱ्या तळ्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारलेली होती. फुली काही मोठी नव्हती. चुकलेल्या बेरजेवर शाळेतल्या बाई मारतात तेवढीच, दोन झटक्यांची. दुसऱ्या झटक्याला पेन्सिलीचं टोक मोडलं असावं, कारण एक पाय फिका होता. बाजूला साहेबांचं अक्षर: वगळणे. तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चष्मा पुसून फुल्या जात असत्या तर आणखी काय हवं होतं. समोर तिचाच नकाशा, राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर फुकट वाटतात तो: डाव्या हाताला समुद्र, त्याला लागून लांबच लांब पुळण, पुळणीमागे जंगल, जंगलात तीन तळी आणि चार ठिकाणी तंबूची खूण, कागदी टोपीसारखी. एकतीस वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यावर तिनं काढलेला हा पहिला नकाशा. तेव्हापासून दर आवृत्तीला पायवाटा बदलल्या, संडासांच्या खुणा वाढल्या, पहिल्या तळ्यावर होडी आली. खाली उजव्या कोपऱ्यात 'तपासले' या शब्दापुढची तिची सही तेवढी तशीच राहिली. उद्यानात ती स्वतः कधी गेली नव्हती. हल्लीच्या कचेरीतलं कुणीच गेलं नव्हतं. पण बाकीच्यांचं जायचं राहून गेलं होतं, आणि तिनं ते एकतीस वर्षं टाळलं होतं.

निळी अखंड रेघ: बारमाही पाणी.

साहेब तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माणूस भला, फक्त वाईट बातमी सांगायची असली की खुर्चीत अर्धं गोल फिरून सांगायचा, म्हणजे बातमी भिंतीला लागून मग आपल्यापर्यंत येते. "ताई, उपग्रहाचे सहा फोटो आहेत. एकातही पाण्याचा टिपूस नाही. आणि ही तक्रार वाचतो, ऐका. 'आम्ही पोहायचे कपडे आत घालून दोन तास चाललो. तिथे गवत होते. कपडे तसेच घालून परत आलो.' ह्यांना काय उत्तर देऊ? कपडे बदला म्हणून?"

"पुढे वाचा."

"पुढे तुम्हाला आणि मला शिव्या आहेत. सोमवारी छपाई, ताई. तुमची सही झाली की सुटलो."

"आणि नाही केली तर?"

खुर्ची थांबली. "नसलेलं दाखवलं तर लोक आपल्या नावानं बोटं मोडतात. असलेलं नाही दाखवलं, तर कुणाला कळतंय?"

"मला कळतं," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की नेमकं तेच तिला कळत नव्हतं. तळं होतं की नव्हतं, हे तिला माहीत नव्हतं. सहीवाली ती, रेघ तिची, आणि माहीत मात्र शून्य.

कारण तळं बाबांचं होतं. बाबा याच कचेरीत मोजणीदार. वर्षातले तीन महिने तंबूत, उरलेले नऊ महिने तंबूच्या आठवणीत. घरी आले की अंगाला धुराचा वास, बुटात वाळू, आणि आई दारातच म्हणायची, पाहुणे, आधी पाय झाडा. तिला आठवतात ते त्यांचे गुडघे, उजवा डाव्यापेक्षा मोठा, आणि तरीही पावलं एकसारखी. गल्लीच्या टोकापासून दारापर्यंत दोनशे अकरा, दूध आणायला जाताना तेवढीच आणि येताना तेवढीच. ते म्हणायचे, पाऊल म्हणजे पट्टी, बयो, ती घरी विसरता येत नाही. मग ती चौदा वर्षांची असताना कुणीतरी अर्ज केला की यांनी जंगलाचा दूरचा भाग बसल्या जागी मोजला, तंबूत पाय पसरून मनानं तळी काढली. चौकशी झाली. चौकशीचे अधिकारी स्वतः जाऊन आले आणि चार शब्दांत निकाल लिहिला: 'तिसरे तळे आढळले नाही.' बढती गेली, मग बाहेरची मोजणी गेली, मग बाबा कोठाराच्या खिडकीत बसून पेन्सिली वाटू लागले. गल्लीत नाव पडलं तळेवाले. पोरं ते दिसले की ओरडायची, तळ्यात की मळ्यात? आणि शेजारचे काका, ज्यांना आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं, दर लग्नात म्हणायचे, तळं राखील तो पाणी चाखील हे ऐकलं होतं, पण यांना तर घोटभरही मिळालं नाही हो. बाबा हसायचे. एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "ते पाणी बघायला गेले. काठ कुणी बघितला नाही." आईनं आमटी वाढली. त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि त्या न बोलण्याची घरात इतकी सवय झाली की पुढे कधी पाणी सांडलं तरी सगळे दचकायचे.

तुटक रेघ:

नाही, ते इतक्यात सांगायचं नाही. आधी अर्ज.

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना दोन बोटं रुंद असतो. तिनं लिहिलं, घरगुती. खोडलं. लिहिलं, प्रकृती. प्रकृती ठणठणीत होती, गुडघे सोडले तर. खोडलं. लिहिलं, तळे पाहणे, आणि स्वतःशीच खुदकन हसली. सत्तावन्नाव्या वर्षी बाई तळं पाहायला निघाली. शेवटी लिहिलं, तपासणी, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर कागददाब्याखाली ठेवून त्यांच्या येण्याची वाट न बघता जिना उतरली. एकतीस वर्षांत न विचारता घेतलेली ही पहिली रजा.

आई शेंगा सोलत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, कानानं पक्की, नको ते ऐकू न येण्यात त्याहून पक्की. पिशवीत कपडे, बॅटरी आणि कपाटाच्या तळातली बाबांची मोजणीवही जाताना तिनं पाहिली, आणि सोललेली शेंग पुन्हा सोलायला घेतली.

"कुठे?"

"उद्यानात. तीन दिवस. शेजारच्या वहिनी येतील झोपायला."

"तिथे झोपणार कशात?"

"तंबूत. भाड्यानं मिळतो."

आईनं सालं ओंजळीनं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "नसलं, तर मला येऊन सांगू नकोस."

शुक्रवारी उद्यानाच्या फाटकाशी बस थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चौकीत वनरक्षक बाई होती, चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डाव्या हातात नकाशांचा गठ्ठा आणि उजव्या हातात बॉलपेन. नाव-गाव विचारण्याआधी तिनं गठ्ठ्यातला वरचा नकाशा उलगडला, सरावानं, न बघता, तिसऱ्या तळ्यावर फुली मारली आणि खिडकीतून पुढे सरकवला. "इकडे जाऊ नका. चुकीचं छापलंय. सकाळी आल्या आल्या शंभर फुल्या मारते, मग चहा घेते. हा कसा राहिला कोण जाणे. कुठल्या शहाण्यानं काढलंय देवाला ठाऊक."

"मी," ती म्हणाली.

वनरक्षक बाईनं वर बघितलं. शहरी चप्पल, कापडी पिशवी, पांढरे केस. मग नकाशाच्या कोपऱ्यातली सही बघितली, मग नोंदवही पुढे सरकवून तीत करून घेतलेली सही. "बरं झालं आलात," ती थंडपणे म्हणाली. "मला तुम्हाला नऊ वर्षं भेटायचं होतं. गेल्या साली एक आजोबा नातवंडांना घेऊन गेले. पाण्याच्या बाटल्या नेल्या नाहीत, का तर नकाशात निळं आहे. भर दुपारी चक्कर येऊन पडले. मी पाठीवर घालून आणले त्यांना. वाचले. पण तुमची ती रेघ, बाई, ती माणूस मारेल एखाद दिवशी."

"तिथे पाणी कधीच नसतं?"

"असतं की. मीच दोनदा पाहिलंय. समुद्र मोठा झाला की पुळणीवरून आत घुसतो, सहा महिने राहतं, कधी वर्ष. मग जातं."

"मग फुली कशाला मारता?"

"मग दुसरं काय मारू? तुमची रेघ अखंड आहे ना."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते तिला त्या सिमेंटच्या ओट्यावर कळलं. पाणी येतं. बाबा बसल्या जागी मोजत नव्हते. त्रेचाळीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते एका बाईनं बाह्या सावरत, जाता जाता सांगून टाकलं होतं, आणि त्याच दमात दुसरं वाक्य, जे तिला अगदी आतून, नखाखाली काटा असावा तसं, कायम माहीत होतं. भाड्याचा नारिंगी तंबू पाठीवर घेऊन ती चालायला लागली. पहिल्या तळ्यावर होडीत बसलेली पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. दुसऱ्या तळ्यावर पक्षी, आणि पक्ष्यांकडे दुर्बिणीतून बघणारं एक जोडपं, ज्यातला नवरा बायकोचा नंबर येऊच देत नव्हता. मग जंगल संपून एकदम पुळण, इतकी मोठी की नकाशात आपण तिला चार मिलिमीटर दिले याची तिला लाज वाटली. या सगळ्याच्या रेघा तिच्या बोटांत होत्या; वाट कुठे वळणार ते वळायच्या आधी मनगटाला कळत होतं. पण वास कुठल्याच रेघेत नव्हता. ओल्या लाकडाचा, मिठाचा, कुजक्या पानांचा, बाबांच्या शर्टाचा. तंबूंच्या तळावर पोचून तिनं तंबू लावला, म्हणजे आधी उलटा लावला, मग शेजारच्या तंबूतल्या दोन मुलींनी हसू दाबत सुलटा लावून दिला. अंधार पडायच्या आत दोन उकडलेली अंडी खाऊन ती आडवी झाली, आणि कापडातून येणारा समुद्राचा आवाज ऐकत तिनं पहिल्यांदा ती गोष्ट पुरी आठवू दिली.

तुटक रेघ. नोकरीचा पहिला महिना. बाबा कोठाराच्या खिडकीत, ती वरच्या मजल्यावर नकाशे उतरवायच्या तिरक्या टेबलाशी, आणि योगायोगानं, किंवा कुणाच्या तरी दुष्टपणानं, तिच्या पुढ्यात आली ती बाबांचीच मोजणीवही. चौकशीनंतर उद्यानाची नवी मोजणी कुणी केलीच नव्हती. शिक्षा माणसाला झाली, वही मात्र चालू राहिली. तिसऱ्या तळ्याचं पान तिनं उघडलं. बाबांनी काठ तुटक काढला होता. छोट्या छोट्या रेघा, मध्ये फट, रेघ, फट. म्हणजे त्यांनाही खात्री नव्हती. म्हणजे गल्ली म्हणत होती ते. तिनं दाराकडे बघितलं. मग शाईचं पेन बुडवलं आणि नकाशावर उतरवताना एका श्वासात, हात न उचलता, सगळ्या फटी जोडून टाकल्या. आता बघू कोण नाही म्हणतो. निळी, ठसठशीत, गोल, कुणाच्या बापाला न भिणारी रेघ. छापून आल्यावर तिनं नकाशा आणि कामातून मोकळी झालेली वही घरी नेली. बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, भिंग घेतलं, तिसऱ्या तळ्यावरून एक पूर्ण फेरी मारली. "रेघ छान आलीय," म्हणाले. मग घडीवर घडी घालून नकाशा वहीत ठेवला, वही कपाटाच्या तळाला. भिंतीवर लावला नाही. तिनं खिळासुद्धा आणून ठेवला होता.

सकाळी तंबू मोडून, चार बाटल्या पाणी घेऊन ती निघाली. दोन तासांची वाट तिला तीन तास लागली. आणि मग झाडी संपली आणि समोर होतं ते गवत. पिवळट, गुडघाभर, वाऱ्यानं एका बाजूला झोपलेलं, मैदानच्या मैदान. पाण्याचा टिपूस नाही. साहेब खरे, उपग्रह खरा, पोहायचे कपडे घातलेलं कुटुंब खरं. ती कडेच्या एका झाडाला टेकून बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आला तो राग, कुणावर ते न ठरलेला. टेकलेलं झाड पाठीला खरखरीत लागत होतं म्हणून तिनं वळून बघितलं, तर बुंध्यावर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक काळपट पट्टा. त्याच्या खाली बोटभर अंतरावर दुसरा. शेजारच्या झाडावरही तसाच, त्याच उंचीवर. तिनं गवत बाजूला केलं. मातीत मिठाची पांढरी कड, वाकडी, लांब जाणारी. तिच्या आत दहा पावलांवर दुसरी कड. मध्ये शिंपल्यांचा चुरा आणि नखाएवढे रिकामे शंख. काठ एक नव्हताच. काठ पाच-सहा होते, एकात एक, पाणी जिथे जिथे थांबून मागे गेलं त्याचे. यातला कुठला खरा म्हणून अखंड काढायचा? एखाद्या खोट्या माणसानं, तंबूत पाय पसरून बसलेल्यानं, एक छान गोल काढून दिला असता. काठ तुटक काढायचं ज्याला सुचलं त्याला इथे उभं राहावं लागलं असणार, एकदा भर पाण्यात आणि एकदा कोरड्यात. बाबांना शंका नव्हती. शंका तिला होती. त्या फटी शंकेच्या नव्हत्याच, त्या मोजलेल्या होत्या, आणि तिनं बापाची अब्रू राखायला म्हणून बापानं मोजलेलं सगळं एका श्वासात पुसलं होतं.

तिनं वही उघडली, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि बाहेरच्या कडेनं चालायला लागली. एक, दोन, तीन. वहीत तेराशे बारा. तिची पावलं लहान, गुडघे कुरकुरणारे; तीनशेवर दम लागला, सहाशेवर पायात शंख घुसला, नऊशेवर मागच्या लग्नांमधल्या त्या विनोदी काकांची आठवण होऊन तिनं मोठ्यानं एक शिवी दिली, जी तिनं जन्मात कधी उच्चारली नव्हती, आणि तिला इतकं बरं वाटलं की पुन्हा दिली. फेरी पुरी झाली तेव्हा पावलं भरली सतराशे चाळीस. बाबांच्या एका पावलाला तिचं पाऊण. लहानपणी दूध आणायला त्यांच्याबरोबर जाताना हेच प्रमाण होतं की, तिला आठवलं, दोनशे अकराला दोनशे ऐंशी. ती धापा टाकत शेजारून, आणि ते मुद्दाम हळू न होता. बरोबर जमत होतं. ऊन डोक्यावर आलं होतं. काठापासून आत चाळीस पावलं जाऊन, गवत तुडवून, तिनं तंबू लावला, या खेपेस पहिल्याच फटक्यात सुलटा, आणि सावलीत मांडीवर नकाशा घेऊन बसली.

तासाभरानं वनरक्षक बाई गस्तीवर आली. लांबूनच हात हलवत. "ओ बाई, इथे तंबू नाही लावायचा."

"का?"

"नियम आहे. तळ्याच्या पात्रात, पाणी असो वा नसो, तंबू ठोकू—" आणि तिथे ती थांबली. गवतातून वारा गेला.

"कशाच्या पात्रात?"

"बाई, चेष्टा नको. उठा."

"कशाच्या पात्रात ते लिहून द्या. मग उठते."

"लेखी समज द्यावी लागेल मला. नाव वर जातं. कचेरीत कळवतात."

"तेच हवंय मला. कळवा. ठळक कळवा."

वनरक्षक बाईनं टोपी मागे सारली. "नऊ वर्षांत पहिलंच गिऱ्हाईक, मागून समज घेणारं. काय, डोकंबिकं फिरलंय का उन्हानं?"

मग तिनं सांगितलं. फार नाही, वही, फटी, एका श्वासातली रेघ, कोठाराची खिडकी. वनरक्षक बाई उभ्या उभ्या ऐकत होती, मग बसली, मग हिच्याच बाटलीतलं पाणी प्यायली. मग खिशातून पावतीपुस्तकासारखं पुस्तक काढलं, कार्बन नीट सरकवला आणि गुडघ्यावर ठेवून दाबून दाबून लिहिलं: 'सदर महिलेने तिसऱ्या तळ्याच्या पात्रात, काठापासून चाळीस पावले आत, तंबू उभारल्याचे आढळले. समज देण्यात येत आहे.'

"आढळले," ती म्हणाली.

"आढळलेच लिहितात," वनरक्षक बाई म्हणाली. "तारीख, शिक्का. आता तरी उठा."

रविवारी संध्याकाळी आई त्याच जागी बसली होती. लेकीनं समजेचा कागद तिच्या पुढ्यात ठेवला. आईनं चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा.

"तुला दटावलंय की गं."

"हो."

"तळ्यात तंबू लावला म्हणून."

"हो."

आईच्या खांद्यांना आधी बारीक हिसके बसले, तिला वाटलं रडतेय, पण आई हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईतो. हसू ओसरल्यावर कागदाची घडी घालता घालता म्हणाली, "ह्यांनी मला सांगितलं होतं तेव्हाच. पोरीनं माझ्यासाठी खोटं काढलं, म्हणाले, आता मी खरं कुणाला सांगू." मग थोड्या वेळानं, "नीट कर ते."

सोमवारी सकाळी तिनं साहेबांच्या टेबलावर तीन कागद ठेवले: समजपत्र, बाबांच्या वहीतलं पान आणि नवा नकाशा. तळं होतं तिथेच होतं. काठ तुटक होता, रेघ, फट, रेघ, फट, आणि प्रत्येक फट मोजलेली.

साहेब खुर्चीत फिरायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. "ताई, ही सरकारी समज आहे. तुमच्या फायलीला लागेल."

"लागू दे. बाबांच्या फायलीला चार शब्द लागले होते, त्यांना शेजार होईल. आणि एकतीस वर्षांपूर्वी रेघ मी जोडली, चूक माझी, तेही लिहून आणलंय. पान उलटा."

साहेबांनी पान उलटलं. शेवटपर्यंत वाचलं. "लोक विचारतील हो, तळं आहे की नाही ते एकदा नक्की सांगा."

"नक्कीच सांगितलंय. खाली बघा."

"हे असं छापायचं?"

"असं छापा, नाहीतर माझ्या सहीशिवाय छापा," ती म्हणाली, आणि साहेबांनी बस म्हणायच्या आधीच समोरची खुर्ची ओढून बसली. चपलेत अजून वाळू होती, ती टाचेनं तिथेच फरशीवर झाडली. साहेबांनी वाळूकडे बघितलं, मग नकाशाच्या तळाशी, खुणांच्या यादीत, तिच्या अक्षरातल्या शेवटच्या नव्या ओळीकडे. टेबलावर लाल पेन्सिल होती. त्यांनी ती उचलली, टोक बघितलं, आणि खणात टाकली.

निळी तुटक रेघ: इथे तळं आहे. पाणी कधी असतं, कधी नसतं. पिण्याचं पाणी बरोबर न्यावं. तळ्यात तंबू लावू नये.